उघडा पत्रा आणि जावईबापू

बुडबुडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता. त्याच्याकडे कानाडोळा करून जावईबापू निमूट वर निघून गेले असते, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण अंगावरची पुळी आणि गाडीवरचा बुडबुडा दिसला की माणसाचं बोट आपोआप तिकडे जातं. जावईबापूंचंही गेलं. त्यांनी अगदी हळूच, झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसं बोट लावलं. बुडबुडा फुटला, वरच्या निळ्या रंगाची कपची उडाली आणि आतून चिमूटभर तपकिरी भुकटी त्यांच्या बुटावर सांडली.

त्यांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं. कारण गाडी अप्पांची होती.

अप्पा म्हणजे त्यांचे सासरे. आयुष्यभर ऑडिटर. लोकांच्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळत असे; निवृत्त झाल्यावर तेच काम ते फुकट करू लागले. ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि लेक-जावई पहिल्या मजल्यावर, त्यांच्या बरोबर पायाखाली. त्यामुळे सगळी इमारत या गृहस्थांना जावईबापू म्हणूनच ओळखायची. त्यांना स्वतःचंही एक नाव होतं, पण ते इतकं विस्मरणात गेलं होतं की एकदा वॉचमनने त्यांचं पार्सल ‘असं कोणी इथे राहत नाही’ म्हणून परत पाठवलं होतं, आणि त्या वेळी जावईबापू शेजारीच उभे होते.

नोकरी विमा कंपनीत. अपघाताचे दावे तपासायचे. दिवसभर कोणाची गाडी कुठे, कशी, कशावर आपटली ते वाचायचं आणि संध्याकाळी फुटपाथच्याही आतल्या कडेने चालत घरी यायचं. मुळात माणूस घाबरट, त्यात कामही असं. म्हणजे आधीच मर्कट, त्यात नोकरी विम्याची.

आणि गाडी तरी कशी? गोल डोळ्यांची, जाड पत्र्याची, आकाशी निळी. अशा गाड्या आता फक्त जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दिसतात. घरी पाहुणा आला की अप्पा त्याला खिडकीशी नेत आणि सांगत, “इतकी वर्षं झाली, पण एक ओरखडा नाही. आहे तशी आहे.” ते असं म्हणाले की पाहुणाही मान खाली घालायचा, जणू त्याच्या अंगावरचे सगळे ओरखडे अप्पांना दिसत होते.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून सासूबाई त्यांना थोरल्या लेकीच्या गावी घेऊन गेल्या. निघताना अप्पांनी किल्ली जावईबापूंच्या हातात ठेवली. “रोज इंजिन सुरू करायचं. थोडा वेळ चालू द्यायचं. बंद करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.” बावीस वर्षांच्या संसारात अप्पांनी त्यांच्यावर सोपवलेली ही पहिली गोष्ट. आजवर त्यांच्यावर साधं गॅसचं सिलिंडर आणायचं कामसुद्धा कोणी टाकलं नव्हतं. बायकोने तर दारातच बजावलं होतं, “अप्पा नको म्हणत होते. मीच म्हटलं, हे सांभाळतील. माझं नाक कापू नका म्हणजे झालं.”

तेव्हा त्या चिमूटभर भुकटीत नुसता गंज नव्हता. त्यात बायकोचं नाक होतं.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या काकूंनी दिला. त्या भाजी घेऊन येत होत्या, जावईबापू गाडीपुढे उकिडवे बसलेले त्यांनी पाहिले आणि क्षणात सगळं ओळखलं. “अहो, एवढंसं तर आहे. नातीची नेलपॉलिश देते, अशीच निळी आहे.” नेलपॉलिश लावून झाली. ओली असताना रंग तंतोतंत जुळला. वाळल्यावर असं दिसू लागलं, की गाडीला कोणीतरी गुद्दा मारलाय आणि तिथे काळंनिळं पडलंय.

दुसरा सल्ला इंजिनियरकाकांचा. हे पूल बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, “जावईबापू, दिसतो तो गंज नव्हेच. दिसत नाही, तो गंज. आमच्या एका पुलाला असाच एक फोड आला होता.”

“मग काय केलंत?”

“पूल पाडला.”

जावईबापूंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते रंगाच्या दुकानात जाऊन उभे राहिले. तो दुकानदार रंग विकायचा असं लोक समजत. खरं तर तो भीती विकायचा. डबा तिच्यावर फुकट. “नुसता फोड घासून चालत नाही साहेब. आजूबाजूचा रंग काढावा लागेल. पण एक लक्षात ठेवा, उघडा पत्रा म्हणजे उघडी जखम. हवा लागली की गंज धरतो, आणि सध्या हवा बघताय ना किती दमट आहे? रंग निघाला की लगेच प्रायमर मारायचा. मध्ये चहासुद्धा प्यायचा नाही.”

“आणि हा रंग काढायचा जेल... हा हातावर पडला तर?”

“पडू द्यायचा नाही.”

“पण पडलाच तर?”

“तर तुम्हाला कळेल,” दुकानदार गंभीरपणे म्हणाला आणि त्याने हातमोजे काढून काउंटरवर ठेवले. मग प्रायमरचा डबा, त्याच्या जोडीला हार्डनरची डबी. “हे दोन्ही एकत्र केले की मागे फिरणं नाही. तासाभरात मारून मोकळे व्हा. थांबलात तर बंदुकीतच दगड होईल.” बंदूक म्हणजे रंग फवारायची बंदूक. ती आणि तिचा कॉम्प्रेसर त्याने भाड्याने दिला. जावईबापू गेले होते तळहाताएवढ्या जागेचं औषध आणायला. परत आले ते हातगाडीवर सामान लादून.

जेल लावल्यावर निळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि खरवडायच्या पत्रीने अलगद निघून आला. इथवर ठीक होतं. पण जेलचा डबा कुठे ठेवावा? जावईबापूंनी तो बॉनेटवर ठेवला. मग तिथे डब्याच्या बुडाचं गोल वळं उमटलं. ते पुसायला फडकं घेतलं, त्या फडक्याला जेल होता. फडकं घाईघाईने टपावर टाकलं. अशा रीतीने दुपार व्हायच्या आत गाडी देवी आल्यासारखी दिसू लागली.

“आता अर्धवट ठेवलंत तर कायमचे डाग दिसतील,” इंजिनियरकाका म्हणाले. “सबंध काढा.”

जावईबापूंनी ऑफिसात रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा ‘घरगुती आपत्ती’ असं सांगितलं आणि साहेबांनी लगेच दिली, कारण त्यांचा आवाजच तसा येत होता. डावी बाजू भिंतीला लागून होती, ती तेवढी शेवटी ठेवली. बाकीचा सगळा रंग त्यांनी जेलने, पत्रीने, पॉलिश पेपरने खरवडून काढला, थिनरने पुसला, आणि संध्याकाळी गाडी डोक्यापासून शेपटापर्यंत चांदीच्या भांड्यासारखी लखलखू लागली. आणि काय सांगावं, ती फार सुंदर दिसत होती! जावईबापूंना आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की आपण काहीतरी केलंय. त्यांनी मोजे काढले आणि बॉनेटवरून हळूच हात फिरवला.

इमारत खाली उतरली. “वा वा वा! काय पत्रा आहे!” असं जो तो म्हणायचा आणि म्हणता म्हणता हात लावायचा. आपल्या लोकांना डोळ्यांनी दिसलेलं खरं वाटत नाही; हाताने चाचपल्याशिवाय खात्री पटत नाही. काकूंनी कोपर टेकून गप्पा मारल्या. इंजिनियरकाकांनी टपावर टिचक्या मारून जुन्या लोखंडावर व्याख्यान दिलं. वॉचमन मघापासून लांबूनच बघत होता. त्यानेही शेवटी दोन बोटं लावून पाहिली.

आता लगेच प्रायमर मारायचा. जावईबापूंनी कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. घर्र करून आवाज झाला आणि त्या आवाजाबरोबर इमारतीचे सेक्रेटरी प्रकट झाले.

“परवानगी?” सेक्रेटरी म्हणाले.

“गाडीला प्रायमर मारतोय. अप्पांची गाडी.”

“अप्पांची गाडी निळी. ही निळी आहे?”

“होती.”

“मला आत्ताचं सांगा. कमिटीकडे निळ्या गाडीची नोंद आहे. ही निळी नाही, म्हणजे ही बाहेरची गाडी झाली. बाहेरच्या गाडीवर इथे मशिन चालवता येणार नाही. वाहन कार्यालयाने हो म्हटलं, तर माझी ना नाही.” एवढं बोलून त्यांनी पत्र्यावर थाप मारली, “पण काम झकास केलंत हं,” असंही म्हणाले आणि कॉम्प्रेसरचा प्लग स्वतःच्या हाताने उपटून गेले.

वाहन कार्यालयातल्या खिडकीमागे दुसऱ्या दिवशी एक बाई बसल्या होत्या. जावईबापू लहान तोंड करून म्हणाले, “गाडीच्या रंगाबद्दल विचारायचं होतं.”

“रंग बदलायचाय?”

“नाही, तोच ठेवायचाय.”

“मग आलात कशाला?”

“सध्या रंगच नाहीये.”

“रंग नाही असं कसं होईल? प्रत्येक वस्तूला रंग असतो.”

“पत्र्याचा आहे.”

“म्हणजे चंदेरी. निळ्याची चंदेरी केलीत, तीही न विचारता.”

“केली नाही हो बाई. झाली.”

“आपोआप झाली? म्हणजे अपघात. मग आधी पोलिसांकडे जा.”

पोलिसांचं नाव ऐकताच जावईबापूंची बोबडी वळली. आपल्या ऑफिसात असंच गरिबाला या खिडकीवरून त्या खिडकीवर आपण पाठवत आलो, त्याचं हे फळ, असंही त्यांना वाटून गेलं. ‘गाडी माझी नाहीच’ असं काहीतरी पुटपुटत ते तिथून सटकले. ते खोटं नव्हतं, पण ऐकायला फार वाईट वाटलं. खिडकीतल्या बाई उठून मागे बघू लागल्या.

धापा टाकत ते घरी आले, रात्री गाडीवर घातलेली चादर ओढून काढली आणि मटकन खाली बसले.

गाडीवर हात उगवले होते.

दुसरा शब्दच नाही. लखलखत्या पत्र्यावर जिथे जिथे ज्याचा हात लागला होता, तिथे तिथे घामाने गंज धरला होता. तपकिरी पंजे, सुटी बोटं, अंगठे. बॉनेटवर काकूंचं अख्खं कोपर. टपावर टिचक्यांची रांग. वॉचमनची दोन बोटं अदबीने कडेला. सेक्रेटरींची थाप तर अंगठीसकट उमटली होती. आणि सगळ्यात जास्त, सगळ्यात मोठे, इकडून तिकडे प्रेमाने फिरवलेले हात होते ते जावईबापूंचे स्वतःचे. जणू सगळ्या इमारतीने मिळून त्या गाडीचा गळा दाबला होता. हे अप्पांच्या दृष्टीस पडलं तर चौकशीचीही गरज नव्हती; गुन्हेगारांच्या सह्याच तिथे होत्या.

जावईबापूंनी पुन्हा मोजे चढवले आणि पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतलं. या खेपेला गाडीभोवती दोरी बांधली. कोणी जवळ आलं की ते “हात नको! हात नको!” असं ओरडायचे. काकू रागावून म्हणाल्या, “आम्ही काय चोर आहोत?” त्यावर जावईबापूंनी त्यांचं कोपर त्यांना दाखवलं. काकू कोपर पदराखाली घेऊन घरात गेल्या.

राहिली होती डावी बाजू. वॉचमनला आणि इंजिनियरकाकांना हातमोजे घालून, ढकलून गाडी भिंतीपासून पुढे घेतली आणि डाव्या दरवाजाला जेल लावला. रंग सुरकुतला. पत्री लावली. आणि रंगाबरोबर भिंतीचा गिलावा सुटावा तसा गुलाबी रंगाचा एक जाड पोपडा सुटला, खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. दरवाजात परातीएवढा खोल पोचा होता.

तिघेही वाकून त्यात बघू लागले.

“पत्रा खचला,” इंजिनियरकाका अखेर हळू आवाजात म्हणाले. “रसायनाने खचला. आमच्या पुलाचं...” मग त्यांना घरी काहीतरी काम आठवलं आणि ते गेले. वॉचमनलाही गेटवर काम आठवलं.

आता वाचकहो, तुम्हा-आम्हाला कळतं की पत्रा काही गुलाबी होऊन गळून पडत नाही. ती पुट्टी होती. पोचा भरायला लावतात ती. पण जावईबापूंना ते कळेना, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. अप्पा म्हणाले होते, एक ओरखडा नाही. अप्पा कधी चुकत नाहीत. चुकतात ते जावईबापू, हा त्या घराचा पायाच होता. तेव्हा हा पोचा आपणच पाडलाय, कसा ते फक्त शोधायचं बाकी आहे, असंच त्यांना वाटलं. कदाचित पत्री जोरात दाबली गेली असेल. कदाचित काल गुडघा टेकला होता, तेव्हा. वर्षानुवर्षं त्यांनी लोकांचे असले खुलासे लाल शेरा मारून फेटाळले होते, ‘झाड अचानक समोर आलं’, ‘भिंत मागून येऊन आदळली’, आणि आज त्यांना त्यातला प्रत्येक माणूस खरं बोलत होता असं वाटू लागलं.

बायको खाली आली ती फोन हातात घेऊनच. पोचा पाहून तिचा हात तोंडावर गेला.

“अहो, हे काय केलंत?”

“मी नाही केलं.”

“मग कोणी केलं?”

“मीच केलं असेल,” जावईबापू कबूल झाले. “मला खरंच माहीत नाही गं.”

ती रागावणारच होती, पण त्यांचा चेहरा पाहून तिला रागावता येईना. ती म्हणाली, “ऐका. ताईचा फोन होता. आई-अप्पा उद्या नाही, आजच येतायत. निघालेत. म्हणजे पोचतच आले असतील.”

“आणि अप्पांचे डोळे?”

“फार छान झालं म्हणे ऑपरेशन. आता लांबचं, बारीकसारीक, सगळं स्वच्छ दिसतंय.”

आता एकच गोष्ट हातात होती. पोच्यासकट का होईना, गाडीला निदान अंगभर कपडा घालायचा. जावईबापूंनी प्रायमर आणि हार्डनर एकत्र केले, ढवळले, बंदुकीत भरले, तोंडाला टॉवेल गुंडाळला, आणि प्लग लावायला वाकले. तेवढ्यात गेटमध्ये टॅक्सी शिरली.

आधी सासूबाई उतरल्या. छोट्या चणीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. अप्पांच्या सावलीत इतकी वर्षं उभ्या राहिल्या होत्या, की त्यांना स्वतःची सावली आहे की नाही हे कोणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी समोर पाहिलं. नजर बॉनेटवरून, टपावरून सरकत डाव्या दरवाजावर आली, आणि हातातली पिशवी गळून पडली. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. जावईबापूंना वाटलं, बाईंना चक्कर येणार, आणि तेही आपल्याच खात्यावर.

पण सासूबाई गर्रकन वळल्या. टॅक्सीतून काळा चष्मा लावलेले अप्पा उतरत होते. “अहो, तिकडे बघू नका! ऊन आहे. डोळ्यांना बाधेल. खाली बघा, पायरी बघा, चला वर.” आणि अप्पांचा दंड धरून त्यांनी त्यांना अक्षरशः ओढत जिन्याकडे नेलं. बावीस वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज जावईबापूंनी ऐकला नव्हता.

लगेचच त्या एकट्या परत खाली आल्या, धापा टाकत.

“आई, माझं चुकलं,” जावईबापू टॉवेलमधून म्हणाले. “मी हा पोचा...”

“तुम्ही नाही पाडलात. मी पाडला.”

“काय?” बायको ओरडली.

“हळू बोल! तू पहिलीत होतीस. हे कामासाठी परगावी गेले होते. शेजारच्यांच्या ड्रायव्हरकडून मी गुपचूप गाडी शिकत होते. मला वाटलं, परत येतील तेव्हा आपणच गाडी घेऊन स्टेशनवर जावं. बघतील तरी कसे चकित होऊन.” त्यांनी समोरच्या गेटकडे बोट केलं. “गेटमधूनच बाहेर पडले नाही. खांबाला दरवाजा घासला. एका मेकॅनिकच्या हातापाया पडून भरून घेतला, रंग मारून घेतला. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. हे कुणापुढे म्हणायला लागले ना, एक ओरखडा नाही, की माझा जीव मुठीत. आज सांगू, उद्या सांगू, करता करता म्हातारी झाले. भरा हो, लवकर भरा. पुट्टी आहे ना? झोपायला सांगितलंय त्यांना. उठायच्या आत भरा.”

जावईबापू बघतच राहिले. या घरात भीती म्हणजे आपली एकट्याची मिरास, असं त्यांना वाटत होतं. आणि इथे त्यांच्याआधीपासून, त्यांच्या दुप्पट, कोणीतरी भीत बसलं होतं, त्यांच्याच डोक्यावरच्या मजल्यावर. त्यांना भडभडून आलं. ते दुकानदाराने न मागता दिलेल्या पुट्टीच्या डब्याचं झाकण उचकटू लागले. झाकण निघेना.

“या वेळी थोडी थोडी भरा,” मागून आवाज आला. “गेल्या वेळी एकदम थापली होती.”

अप्पा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. काळा चष्मा हातात होता.

सासूबाईंनी कठड्याचा आधार घेतला. “तुम्हाला... माहीत होतं?”

“परत आलो त्याच दिवशी कळलं. धुताना टिचकी मारली. बाकी सगळीकडे टण्ण आवाज आला, तिथे बद्द आला.” अप्पा खाकरले. “ऑडिटर होतो मी.”

“आणि बोलला नाहीत?”

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो. उलट सगळ्यांना मुद्दाम सांगत राहिलो, ओरखडा नाही म्हणून. म्हटलं, तू निर्धास्त राहशील.”

“निर्धास्त?” सासूबाई म्हणाल्या. आधी हळू, मग हळू नाही. “निर्धास्त! अहो, तुम्ही ते वाक्य म्हणालात की मला रात्री झोप लागायची नाही! पाहुणे आले की मी आत जाऊन रडायचे! सबंध आयुष्य घाबरून काढलं मी या दरवाजापायी, आणि तुम्हाला माहीत होतं? मला गाडी चालवायची होती! मला किती आवडायचं माहितीय गाडी चालवायला?”

“मला वाटलं, तुला आवड नाही,” अप्पा म्हणाले. “तू परत कधी विषयच काढला नाहीस.”

“तुम्ही काढलात?”

अप्पांनी मान खाली घातली. जावईबापूंनी हे कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ते बघवेना, म्हणून त्यांनी बंदुकीत पाहिलं. प्रायमर दाट होऊ लागला होता.

“आई,” ते भीत भीत म्हणाले, “माफ करा, पण हे आता घट्ट होईल. पुट्टी भरू का आधी?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “भरायचा नाही. राहू दे तो पोचा. माझा आहे. दिसू दे सगळ्यांना.”

“अगं, पण जुनी गाडी, त्याने तिची...” अप्पांनी सुरुवात केली.

“राहू दे म्हटलं ना!”

“राहू द्या, जावईबापू,” अप्पा घाईघाईने म्हणाले. “मारा तुम्ही.”

कॉम्प्रेसर घरघरला. सेक्रेटरी बाल्कनीत आले, खाली अप्पांना पाहिलं, सासूबाईंचा चेहराही पाहिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. जावईबापूंनी श्वास धरला आणि चाप ओढला. राखाडी प्रायमर धुक्यासारखा पत्र्यावर बसू लागला. बॉनेट झालं, टप झालं, मागची बाजू झाली. डाव्या दरवाजाशी आल्यावर त्यांनी हात जरा सावकाश फिरवला, पोच्याच्या आतून, कडेने, सगळीकडे सारखा, कुठेही उघडं राहू नये म्हणून. सासूबाई जवळ उभ्या राहून बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बायको म्हणाली, वास नाकात गेला असेल. तिचेही डोळे भरले होते.

बंदूक रिकामी झाली तेव्हा गाडी नखशिखांत राखाडी होती. उघडा पत्रा कुठे बोटभरसुद्धा उरला नव्हता.

“वाळायला किती वेळ लागतो?” सासूबाईंनी विचारलं.

“उद्या सकाळपर्यंत खडखडीत होईल, आई.”

“मग उद्या सकाळी मला शिकायची आहे,” त्या अप्पांना म्हणाल्या. “मागच्या मैदानात. तुम्ही शिकवायची.”

“डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय,” अप्पा क्षीणपणे म्हणाले.

“मग डोळे मिटून बसा शेजारी. तोंडाने सांगा.” एवढं बोलून त्या पिशवी उचलून लेकीचा हात धरून जिना चढून गेल्या, सरळ, ताठ, मागे न बघता.

खाली दोघं उरले. अप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली. जावईबापू वाट बघत होते. किल्ली, विश्वास, रंग, सेक्रेटरी, सगळ्याचा हिशेब आता होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अप्पा दोन पावलं जवळ आले, जिन्याकडे एकदा नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

“जावईबापू, उद्या तुम्हीही चला. मागच्या सीटवर बसा. मला एकट्याला भीती वाटते हो.”

“येतो, अप्पा,” जावईबापू म्हणाले आणि उरलासुरला प्रायमर दगड व्हायच्या आत थिनर ओतून बंदूक धुवायला बसले.